बेंच प्रेसच्या फळ्यावरचं नाव

खराडीत आयटी पार्क आले आणि माझ्या दुकानासमोर जिम उघडली. तिथल्या फळ्यावर बेंच प्रेसमध्ये सगळ्यांत जास्त वजन उचलणाऱ्याचं नाव लिहीत. दर महिन्याला नव्याने उचलून दाखवावं लागे. वर्षभर तिथे माझंच नाव होतं, ऐंशी किलो.

मग डॉक्टरांनी दम भरला. मी भात सोडला आणि सहा महिन्यांत बारा किलो उतरवले. पँट ढिली झाली, पण बेंच प्रेसही सत्तरवर आला. ट्रेनरने माझं नाव पुसून एका कॉम्प्युटरवाल्या पोराचं लिहिलं.

मी भडकलो. "अहो, मी पोट कमी करायला आलो होतो. ताकद कुणी काढून घ्यायला सांगितली?"

"काका, चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. आता जरा पुलअप मारून बघा."

त्या दांड्याला आजवर मी नुसताच लोंबकळलो होतो. त्या दिवशी हनुवटी सरळ दांड्याच्या वर गेली, एकदा नव्हे, तीनदा. चौथ्या वेळी नाक दांड्यापर्यंत पोचलं आणि हात सुटले.

"तीन," ट्रेनर म्हणाला.

"साडेतीन! नाक वर गेलेलं दिसलं नाही का?"

"अर्धा धरत नाहीत, काका."

"मग तीन धरा, पण फळ्यावर लिहा."

पाव तास हुज्जत घातल्यावर त्याने त्या पोराच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, पुलअप तीन. अक्षरं मात्र मुद्दाम बारीक काढली. ते मी अजून विसरलेलो नाही.