पूजेतला वायफाय

झेंडूचा ओला वास आला की मला निगडीच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. तेव्हा मी साठीतली अल्लड पोर होते आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. यजमानांनी पाने-पक्कड पूजेला मांडल्यावर मी वायफायचा डबाही चालू ठेवूनच मांडला, आणि दृष्ट नको म्हणून त्यांच्या लोखंडी टूलबॉक्सच्या आड सरकवला. लोखंडाआड इंटरनेट अडतं, हे मला कुठलं ठाऊक. नोकरी गेल्यापासून घरी बसलेल्या लेकीची त्या दुपारी चाकणच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर मुलाखत होती. इंटरनेटचा वेग दाखवणारा आकडा तिने पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवला होता. “आई, आकडा पार तळाला गेलाय, समोरच्यांचे चेहरेच हलत नाहीत,” ती रडकुंडीला आली. मी डब्याकडे धावले, तर यजमान आडवे आले. “पूजेतली वस्तू उद्यापर्यंत हलवायची नाही.” “मग मुलाखत उद्यापर्यंत थांबवता का?” म्हणत मी हळदीकुंकवासकट, माळेसकट, लांबलचक वायरीसकट डबा उचलला आणि कॉम्प्युटरच्या मागे तो डोक्यावर धरून उभी राहिले. लेक बोटाने ‘अजून वर’ असं खुणावत राहिली, तसा आकडा चढला. “पूजा मोडलीस,” यजमान पुटपुटले. “मोडली नाही, मिरवणूक काढली,” मी म्हणाले. हात भरून आले, पाकळ्या केसांत पडल्या, पण मुलाखत संपेपर्यंत मी जागची हलले नाही. नोकरी तिने स्वतःच्या हुशारीवर मिळवली, असं मी आजही चारचौघांत सांगते. नातीला मात्र हळूच खरं सांगते, की तुझ्या आईचा आकडा मी धरून ठेवला होता.