एक आणा गोष्टीचा

मिठागराचा दुसरा बांध संपला तेव्हा जयवंतीवहिनी पहिल्यांदा थांबल्या. पदराने तोंड पुसून त्यांनी मागे आमच्या सांडोर गावाच्या दिशेला पाहिलं. इतक्या लांबून माडांच्या शेंड्यांखेरीज काही दिसत नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या अंगणात सहा हजार राजेळी केळी पिकून पडली होती, आणि सोलायला येणाऱ्या बारा बायकांपैकी अकरा दोन दिवस आल्या नव्हत्या.

"बाई, किती वाजले असतील?"

"नऊ तरी झाले असतील."

"बारापर्यंत बायका पोचल्या, तर दिवस मावळायच्या आत सोलून होतील. उद्यावर गेलं तर गुरांना घालायची." एवढं बोलून त्या पुन्हा चालू लागल्या.

मी वसईच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि वहिनींच्या शेजारी राहत होते. तो रविवार होता म्हणून बायकांना आणायला खाडीपलीकडे मला त्यांच्याबरोबर येता आलं. बारावी बाई बेटी, आमच्याच आळीतली. ती चर्चमधली पहाटेची मिसा आटपून आली आणि एकटीच सोलायला बसली. "मी काय, बसते," ती म्हणाली, "पण एकटीनं सहा हजार सोलायची म्हणजे ईस्टर उजाडेल."

वहिनी सातवी पास होत्या. यजमान मुंबईला कारकून, घरी सासू-सासरे आणि केळीची वाडी. वाडीतला माल दलाल येऊन कच्चाच उचलून नेई आणि त्याच्या मनाला येईल तो भाव देई. वहिनींनी सासऱ्यांपाशी हट्ट धरला की आपण सुकेळी करू. पिकलेलं केळं सोलायचं, आठ दिवस उन्हात चटईवर वाळवायचं, केळीच्याच सुक्या पानात बांधायचं आणि मुंबईला पाठवायचं. सासरे म्हणाले, "एक हंगाम देतो. एक घाणी जरी नासली, तरी माल पुन्हा दलालाकडे. मग मला विचारायचं नाही." दोन घाण्या, म्हणजे दोन खेपा, नीट झाल्या होत्या. ही तिसरी.

भाव ठरवायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी कागदावर लिहीत गेले आणि त्या सांगत गेल्या. केळी, सोलणावळ, चटया, दोरा, आगगाडीचं भाडं. मी विचारलं, "आणि उन्हाचं काय?" तर म्हणाल्या, "उन्हाचे पैसे मी लावत नाही. ते देवाचं आहे." सगळं धरून शेराला चौदा आणे भाव निघाला. मुंबईचा व्यापारी तेरा आण्यांवर अडून बसेल अशी धास्ती होती, म्हणून त्यांनी आधीच बायकांच्या रोजात एक आणा कमी धरला. दुसरीकडे सोलणीला दिवसाचे बारा आणे मिळत. वहिनी अकरा देत, आणि वर गोष्ट सांगत. प्रत्येक घाणीचा हिशेबही त्याच कागदावर मीच लिहीत असे.

ही गोष्ट एका साप्ताहिकात येत होती. माझा भाऊ मुंबईहून अंक पाठवायचा. दूरदेशी एका ओसाड गढीत राहणारा एक उमराव, शंभर वर्षांपूर्वी मेलेला, आणि रात्री उठून माणसांचं रक्त पिणारा. मला असलं वाचवत नसे. अंक आला की देवापुढे दिवा लावून मगच मी तो वहिनींकडे पोचता करायची. त्या मात्र संध्याकाळी रहाट थांबला की पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसत, शेजारी गवती चहाची वाटी, आणि तो अंक दोनदा वाचत. त्यांच्या दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता. त्या उमरावाला लसूण सोसत नाही असं वाचल्यावर त्यांनी दाराला लसणाची जुडी टांगली. सासूबाईंनी ती दुसऱ्या दिवशी चटणीत घातली.

सोलताना वहिनी ती गोष्ट अशी सांगत की बायकांचे हात आपोआप भराभर चालत. बेटी म्हणे, "माझ्याकडे नाही यायचा, गळ्यात क्रूस आहे." खाडीपलीकडची शकू म्हणे, "आमच्याकडं आला ता मिठाच्या पान्यात बुडवू." आणि मग वाद. आपल्याकडची भुतं कुणाला विचारत नाहीत, झाडावरून उतरतात आणि धरतात. हा मात्र घरच्या माणसानं 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, हे कसलं भूत? वहिनींना त्याची हीच गोष्ट सगळ्यात आवडे. "म्हणून तर तो भयंकर," त्या म्हणत. "आपणच त्याला बोलावतो."

गोष्ट अशा ठिकाणी आली होती की उमराव दाराबाहेर उभा आहे, गोड बोलतो आहे, आणि आतल्या मुलीचा हात कडीवर आहे. त्याच अंकात शेवटच्या पानावर चौकट होती: हे साप्ताहिक या अंकाबरोबर बंद होत आहे.

वहिनींनी बायकांना ते सांगितलं. बायकांना पटलं नाही. गोष्ट अडवून मजुरीतून आणखी आणे कापायचे म्हणून वहिनी ती दाबून बसल्या, असा त्यांनी अर्थ लावला. शकू जाताना म्हणाली, "गोष्ट नाय ता आना दे." वहिनींनी तो दिला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बेटीखेरीज अंगण रिकामं.

तिसऱ्या बांधावर मी म्हटलं, "वहिनी, बारा आणे देऊन टाका ना. व्यापाऱ्यानं चौदाचा भाव तर मान्य केलाच आहे."

"तेच तर," त्या न थांबता म्हणाल्या. "त्यानं घासाघीस केलीच नाही. म्हणजे दोन घाण्या तो आणा माझ्याकडेच राहिला. आज बारा दिले तर त्या विचारतील, मग इतके दिवस का नाही?"

"मग सांगा."

"काय सांगू? मी तीन-तीन तास बोलते, घसा बसतो. त्याचं मोल नाही का, बाई? तुम्ही शिकवता, तुम्हाला पगार मिळतो."

बांध अरुंद होता, दोन्ही बाजूंना मीठ धरलेल्या पांढऱ्या कोंड्या चमकत होत्या, आणि डोळे वर करून चालता येत नव्हतं. मी मनातल्या मनात जप करत राहिले.

शकूचं घर वस्तीच्या टोकाला. ती ओटीवर तांदूळ पाखडत होती, जाऊ हंसा बाजूला बसली होती. आम्हाला पाहून दोघींनी मान हलवली, पण 'ये' कुणी म्हणालं नाही. तिकडे घरातल्या बाईनं 'ये' म्हटल्याशिवाय ओटी चढत नाहीत. आम्ही उन्हात उभ्या राहिलो.

"आलीस वयनी? बरा झाला," शकू म्हणाली. सूप हातातच. "दोन दीस मला झोप नाय. पोरीचा हात कडीवर हाय. मग काय झाला?"

"मला ठाऊक नाही, शकू. पेपर बंद पडला."

"मानूस अर्धी गोष्ट लिवून घरी जातो काय?"

"गेला खरा."

शकूनं सूप खाली ठेवलं. "आता तू दारात उबी हायस. मी येऊ नको म्हनत नाय. पन 'ये' बी म्हनत नाय. तूच शिकवलास ना, म्हनल्याबिगर त्याला आत येता येत नाय."

हंसा फिसकन हसली आणि पदर तोंडात धरला. शेजारच्या दारांतून बाकीच्या नऊजणी बाहेर आल्या. वहिनींच्या अंगणात सोलायला येणाऱ्याच सगळ्या.

वहिनींचा चेहरा लाल झाला. "मी काय तुमचं रक्त प्यायले?"

"ता मला काय म्हाईत? आना आना करून कोन प्याला, ता तू सांग."

मी वहिनींच्या कानाशी म्हटलं, "सांगा काहीतरी. मुलीनं दार उघडलं नाही म्हणा. उजाडलं आणि तो जळून गेला म्हणा. केळी थांबायची नाहीत." हे सुचवताना मला लाज वाटली नाही, ती नंतर वाटली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुढचं मला ठाऊक नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "रचून सांगता येईल. पण ठाऊक नाही ते मी आण्याला विकणार नाही." मग शकूकडे वळून, "आणि आण्याचं विचारतेस तर तो माझ्याकडे आहे. व्यापारी भाव पाडेल म्हणून मी धरला होता. त्यानं पाडला नाही. तेव्हाच द्यायला हवा होता. दिला नाही."

एका दारात मूल रडत होतं, त्याला कुणी उचललं नाही.

"किती झाले?" शकूनं विचारलं.

"सगळं कागदावर आहे, माझ्या नावापुढे किती राहिले तेसुद्धा. कागद बरोबर आणलाय."

"कागद आमाला वाचता येत नाय. तू वाचलास ता तुज्या सोयीचा वाचशील."

"मी नाही वाचत. बाई वाचतील. त्यांचंच अक्षर आहे, आणि त्या देवाधर्माच्या आहेत हे तुलाही ठाऊक आहे."

शकूनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. मग ती उठली, पदर खोचला आणि दारांकडे हाक दिली, "चला गो. केली काय आपल्यासाठी थांबनार नाय. वाटंत ऐकू. पटला ता सोलू, नाय ता बांदावरना माघारी."

बायका निघाल्या. मिठागराच्या परतीच्या पहिल्या बांधावर सगळ्यांची एकामागे एक ओळ झाली. पुढे वहिनी, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे शकू आणि तिच्यामागे बाकीच्या. वहिनींनी कनवटीचा कागद काढला, घडी उलगडली आणि मागे वळून माझ्या हातात दिला.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या नावापुढची ओळ आधी वाचा. आणि शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं वाचा."