नाल्यापलीकडचा चढ आणि चार टायर

पिकअप यायच्या आधी आमच्या गावातला आजारी माणूस खाटेवर जायचा. खाट उलटी करायची, चारही पाय वर, त्यांच्यामधून बांबू बांधायचा, आत गोधडी टाकायची आणि खांद्यावर घ्यायचं. जिवतीच्या पहाडावरचं आमचं गाव डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. मध्ये नाला, आणि नाल्यापलीकडे चिकण मातीचा चढ. बाबा उंच, म्हणून पुढचा बांबू नेहमी त्यांच्याकडे. त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायची तेव्हा ते म्हणायचे, "हा माहा बिल्ला हाये. सरकारनं नाई देल्ला, म्याच कमावला."

त्यांची स्वतःची आई त्याच चढावर, त्यांच्याच खांद्यावर गेली. खाट खाली ठेवायची की पुढे न्यायची, हे कोणालाच कळेना, असं ते एकदाच बोलले होते. त्यानंतर त्यांनी मजुरी सोडली आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून राहिले, वर्षानुवर्षं. डोक्यात एकच होतं, गावात आपली गाडी पाहिजे. ज्या वर्षी मी बी.एस्सी. झाले त्याच वर्षी जुनी पिकअप दारात उभी राहिली.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी. हे मी अभिमानानं लिहिते, त्यात लाजायचं काही नाही. पण मी शिकले ते धाकट्या बहिणीच्या पायांवर. तिनं आठवीत शाळा सोडली, शेळ्या राखल्या, घर धरलं, म्हणून मी चंद्रपूरच्या वसतिगृहात राहू शकले. आता बल्लारपूरला एका शाळेत विज्ञान शिकवते.

पदवी घरात आली आणि घरातला प्रत्येक निर्णय माझ्याकडे आला. गोळ्यांची पट्टी, बियाण्याची पिशवी, कसलाही कागद, सगळं मला विचारून. आई फोनवर फोटो पाठवायची आणि मागून बाबांचा आवाज यायचा, "बाईले विचार, मंगच घे." मला ते आवडायचं. ज्या घरात कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं, तिथं मला विचारत होते.

तर त्या उन्हाळ्यात पिकअपचे चारही टायर झिजून पार गोटा झाले. बाबा गाडी घेऊन बल्लारपूरला आले आणि मला खोलीवरून घेऊन टायरच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांच्या ओळखीचा.

"भाऊ, टायर घ्याले पोरीले आणलं? इथी साड्या नाई भेटत."

"ते बी.एस्सी. हाये," बाबा म्हणाले. "दाखव तिले."

त्यानं दोन टायर पुढे लोटले. एकावर सरळ लांब रेघा, त्याला रिब म्हणतात. दुसऱ्यावर जाड चौकोनी ठोकळे आणि मध्ये खोल खाचा, तो बटन टायर.

"म्याडम, रिब डांबरावर लोण्यावानी चालते. आवाज नाई, डिझल कमी. बटन चिखलात गाडी सोडत नाई, पण डांबरावर बोंबलत जाते. कान किटतात."

मी बाबांना विचारलं, आठवड्यात गाडी कुठं कुठं जाते. कापूस, भाजीपाला, बाजाराचे लोक, सगळ्या फेऱ्या पहाडाखाली. एका फेरीत तीन किलोमीटर कच्चा रस्ता आणि चाळीस डांबरी. मी तिथल्याच एका खोक्यावर पेन्सिलनं टक्केवारी काढली. शंभरातले त्र्याण्णव डांबरी.

"बाबा, रिब घ्या. सातसाठी त्र्याण्णवचं नुकसान कशाला?"

बाबा बटन टायरच्या खाचेत अंगठा घालून उभे होते. अंगठा नखापर्यंत आत गेला होता. तो काढून त्यांनी पॅंटला पुसला आणि म्हणाले, "बाई म्हणते तेच लाव."

टायर बसल्यावर दुकानदार चाकांखाली ठेवायला लिंबं घेऊन आला. त्याची ती रीतच. बाबांनी हात आडवा केला. "आमी नाई ठेवत. आमच्या घरी शिकलेलं माणूस हाये." आमचं घर बौद्ध, लिंबू-मिरची आम्ही तसंही बांधत नाही. पण बाबांनी कारण ते दिलं नाही, माझं दिलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. 

पावसाळ्यात बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची सासू म्हणत होती, पाण्यापावसाचं पहाडावर कशाला जाते, इथंच राहा. बहीण म्हणाली, "माह्या बाबाची गाडी हाये."

दोन दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. सकाळी नऊच्या सुमारास तिला कळा सुरू झाल्या. मी सुटी घेऊन घरीच होते. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर येऊन थांबणार होती, तिथपर्यंत आम्ही पोचायचं होतं. बहीण आणि आई समोर बसल्या, मी मागे ताडपत्री धरून. नाला ओलांडला. चढ अर्धा झाला आणि गाडी थांबली. चाक जोरात फिरत होतं, गाडी जागेवरच.

मी खाली उतरून पाहिलं. त्या सरळ रेघा चिकण मातीनं भरून सपाट झाल्या होत्या. टायर पाटीसारखा गुळगुळीत. आम्ही दगड टाकले, पळसाच्या फांद्या टाकल्या, पोतं टाकलं. मी आणि शेतातून धावत आलेले दोघंतिघं मागून ढकलत होतो. तिसऱ्यांदा गाडी आडवी घसरली आणि मागचं चाक कडेच्या नालीत गेलं.

घर्षणाचा धडा मी दरवर्षी शिकवते. मुलं तोंडपाठ म्हणतात.

बाबा उतरले. चाकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. शेतातल्या माणसांना म्हणाले, "खाट आणा."

खाट यायला वेळ लागला. पुढचा बांबू बाबांनीच घेतला. लोक म्हणाले, भाऊ, आता वय झालं, द्या इकडं. त्यांनी दिला नाही. चालताना पाय घसरत होते, आणि खाट वाकडी झाली की आई ओरडायची. मी बाजूनं ताडपत्री धरून चालत होते. एका कळेनंतर बहीण मला म्हणाली, "ताई, गाडीपेक्षा हे बरी. डिझल पेत नाई." मी हसले. मला हसवायला ती हे बोलली, हे मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "किती वाजता निघाले होते घरून?"

"नऊला," मी सांगितलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली.

मुलगा होता. पूर्ण वाढलेला, दाट केसांचा. रडला नाही.

गाडी लोकांनी बैल जुंपून बाहेर काढली होती. तिसऱ्या दिवशी बाबा ती घेऊन दवाखान्यात आले. पाऊस थांबला होता आणि डांबरी रस्ता धुतल्यासारखा होता. गाडी अजिबात आवाज न करता चालत होती, मी निवडली होती तशीच. बटन टायर असते तर ते घोंगावले असते आणि कोणाला कोणाचं काही ऐकू आलं नसतं. चाळीस किलोमीटर मी बहिणीचा श्वास ऐकत आले. तिला दूध आलं होतं. ती पदर छातीशी घट्ट धरून खिडकीबाहेर पाहत होती.

चढाजवळ बाबांनी गाडी थांबवली, चिखल वाळला का ते पाहायला उतरले. मी त्यांच्यामागे गेले.

"बाबा, तुमाले ठाऊक होतं का?"

"मले बटनच घ्याचे होते."

"मंग बोल्ले काऊन नाई?"

त्यांनी पायानं माती टोकरली. मग म्हणाले, "मंग तुले शिकवलं काहाले?"

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. त्यांना खरंच वाटत होतं की पोरगी शिकली, म्हणजे आता आपल्याला जे ठाऊक आहे ते जुनं झालं. इतकी वर्षं त्या चढावर चाललेला माणूस. त्यांना त्या चढाबद्दल काय वाटतं, हे मी दुकानात एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त किलोमीटर विचारले होते.

गावात लोक म्हणाले, लिंबू ठेवलं असतं तर बरं झालं असतं. मला त्यांचा राग आला नाही. लिंबाचा काही संबंध नव्हता. संबंध खोक्यावरच्या पेन्सिलीचा होता.

बहिणीनं मला टायरबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. तिनं विचारावं म्हणून मी दोनदा तिच्या सासरी जाऊन आले. तिनं चहा केला, भाकरी वाढली, शाळेचं विचारलं. निघताना म्हणाली, "ताई, असं तोंड करून येऊ नको. सासू म्हणते, पाय बरं, कोण मेलं तिच्या घरचं." मग तीच घाईनं आत गेली.

बाबांनी टायर बदलले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, अजूनही. पुढच्या उन्हाळ्यात मीच घरी जाऊन म्हटलं, चला. त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं या वेळी थट्टा केली नाही. "म्याडम, कोणते लावू?"

"बाबाले विचारा," मी म्हणाले आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले.

बाबा आत वेळ काढून हिंडले. प्रत्येक टायरच्या खाचेत अंगठा घालून पाहिला. मग मागच्या दोन चाकांना बटन आणि समोरच्या दोन्हींना रिब लावायला सांगितले. मी उठून विचारलं, असं कसं? ते पहिल्यांदाच मला शिकवत असल्यासारखे बोलले. "समोरचं चाक वळते, मांगचं ढकलते. सगळे बटन लावले तं डांबरावर हँडल जड होते, तेबी बेकार. तू दोघांतून एक निवडून राह्यली होती. दोनी लागते." मी ते माझ्या वहीत लिहून घेतलं. त्यांनी मला लिहिताना पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात बहीण पुन्हा माहेरी आली. सासू नको म्हणत होती, नवराही. मीही फोनवर म्हटलं, बल्लारपूरला माझ्याकडे ये. ती म्हणाली, "त्याच चढावरून जाईन. बाबा त्या दिवसापासून नीट जेवत नाई." कळा आल्या तेव्हा पाऊस तसाच होता. चढावर मागच्या चाकांनी चिखल ताडपत्रीपर्यंत उडवला, मी त्यात भिजले, आणि गाडी वर गेली. डांबरावर टायर बोंबलत होते. 

मुलगी झाली. ती आता अंगणात धावते. तिच्या भावाला बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली ठेवलं आहे. मी गेले की तिथं बसते, बहीण येत नाही.

गाडीला अजून तेच टायर आहेत, बाबांनी निवडलेले. ते लागल्यापासून आमच्या गावातून कोणालाही खाटेवर न्यावं लागलेलं नाही.