पॅडिहमची नववी फेरी

हिल्डा शॉरॉक आणि मी पॅडिहमच्या कापडगिरणीत शेजारी-शेजारी माग चालवायचो. मागांचा खडखडाट असा, की तिथे आवाज काढून उपयोग नसे. सगळं ओठांवरून ओळखायचं. सोमवारी सकाळी हिल्डाच्या ओठांवर एकच विषय: कुस्ती. कोणी कोणाला आसमान दाखवलं, पंच कसा आंधळा होता. ती आणि तिचा नवरा विल्फ बर्नलीपासून ब्लॅकबर्नपर्यंत एक कुस्ती चुकवत नसत. दोघांचा जीव नेड टॅटर्सलवर. बुटका, मान नसलेला, खाणीत काम करून वर आलेला गडी.

चौसष्टच्या मार्चमध्ये नेडची अजिंक्यपदाची कुस्ती आमच्याच गावात झाली, पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून केलेल्या हॉलमध्ये. विजेत्याचा पट्टा होता रॉय पेंबरीकडे. आठ फेऱ्यांत दोघांनी एकमेकांना एकेकदा चीत केलं होतं. आता जो मारेल त्याचा पट्टा. नवव्या फेरीत नेडने पेंबरीला उचलून आपटलं. सगळा हॉल उठून उभा राहिला, आणि विल्फ छाती दाबत खुर्च्यांमध्ये कोसळला.

हिल्डा किंचाळली आणि त्याच्याजवळ खालीच बसली. रिंगकडे तिची पाठ. भोवती लोक बोंबलत होते. विल्फचे ओठ हलले.

‘नेडने मारली?’

‘मारली,’ तिने ओठांनीच सांगितलं. ‘पट्टा आपला.’

तो हसला, असं ती म्हणते. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं होतं.

विल्फला पुरून आठवडा झाला नाही तोच गावात भित्तिपत्रकं लागली: नेड टॅटर्सल, ब्रिटनचा विजेता. मग बर्नलीत दुसरी लागली: रॉय पेंबरी, ब्रिटनचा विजेता, अजूनही अजिंक्य. कुस्त्या भरवणारे मालक दोन, म्हणून विजेतेही दोन. गिरणीत सगळ्यांना गंमत वाटली.

‘अगं, असू देत की दोन पट्टे,’ मी म्हणाले. ‘आपलं काय जातं?’

‘दोन कसे असतील, डोरीन? मी मरणाऱ्या माणसाला एक सांगितलंय.’

त्या दिवसापासून ती त्या हॉलमधल्या माणसांच्या मागे लागली. तिकिटं फाडणारा, चहावाली, पहिल्या रांगेतल्या बायका, कोणाला सोडलं नाही. निम्मे म्हणायचे नेडने मारली, निम्मे म्हणायचे पेंबरी सुटला. एका मालकाने पत्राला उत्तर म्हणून पेंबरीचा सहीचा फोटो पाठवला. तिने तो चुलीत घातला. पंच ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथेच वारला, हे कळलं त्या दिवशी ती मागासमोर नुसती उभी राहिली. धागे तुटत होते, तिचं लक्ष नव्हतं. वर्षं जात राहिली, गिरणीही बंद पडली. ती वाळत गेली. मी सूप करून नेलं की दोन घोट घ्यायची आणि विचारायची, ‘तुला काय वाटतं गं, मारली असेल ना?’

अठ्ठ्याऐंशीत टीव्हीवरच्या कुस्त्याही बंद झाल्या. तेव्हा वर्तमानपत्रात म्हाताऱ्या पैलवानांबद्दल छापून आलं. नेड मॉरकॅमला राहत होता. आम्ही बसने गेलो.

नेडने स्वतः दार उघडलं. कान मोडलेले, गुडघे गेलेले. हिल्डाने कोटही न काढता विल्फचं सांगितलं आणि विचारलं, कुस्ती कोणी मारली.

‘तो तुमचा माणूस होता?’ नेड म्हणाला. ‘बसा, बाई. त्या दिवशी मी हरायचं असं ठरलेलं होतं. मी त्याला आपटायचं, त्याने पलटी मारून मला चीत करायचं. तेवढ्यात किंकाळी आली. पंच दोरांतून उडी मारून तुमच्याकडे पळाला. आम्ही दोघं तसेच पडून. मग कोणीतरी घंटा बडवली.’

‘म्हणजे जिंकलं कोण?’

‘कोणीच नाही. आमच्या मालकाने संधी साधून भित्तिपत्रकं छापली. खरं सांगतो, तुमचा माणूस पडला नसता तर पट्टा माझ्या कमरेला कधी लागलाच नसता.’

हिल्डा उठून त्याच्यासमोर आली. ‘मग म्हणा, मी जिंकलो. एकदा म्हणा.’

‘मी जिंकलो,’ तो हळूच म्हणाला.

‘असं नाही! खरं खरं म्हणा!’ तिने त्याच्या स्वेटरची गळपट्टी धरली आणि हलवायला लागली. त्याने हात वर केला नाही. त्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. हिल्डाची बोटं मी एकेक करून सोडवली.

‘त्याच्या मरणावर माझं पोट चाललं हो,’ नेड मला दारात म्हणाला. ‘बाईंना काय सांगू मी?’

आता शनिवारी चार वाजले, टीव्हीवर कुस्त्या लागायच्या ती वेळ झाली, की हिल्डाला घरात थांबवत नाही. मी कोट घालून तिच्याकडे जाते. आम्ही कालव्याच्या कडेने चालत राहतो, कुलपं लागलेल्या गोदामांवरून, पुलाखालून, पाय दुखेपर्यंत. मी माझ्या भावाबद्दल बोलते, नातवंडांबद्दल बोलते. परवा मध्येच थांबून तिने कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पाण्याकडे बघत राहिली. मी तिच्या दंडाला धरून उभी राहिले. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे तिने मला घरी आणू दिलं.