लिंडेनबाखचा कुलवृत्तांत

लिंडेनबाखमध्ये घरं अकरा. गाडीत शिंक आली की गाव मागे पडलंच. एक ओढा, एक चर्च, मागे दफनभूमी आणि बंद पडलेला चीजचा कारखाना, संपला भूगोल. इतिहास असा की दीडशे वर्षांपूर्वी सहा जर्मन कुटुंबं इथे आली, त्यांनी जंगल तोडलं, आणि त्यांचे वंशज अजून बांधावरून भांडतायत.

आमचे हे, म्हणजे गुरुदत्त, कॅनडातल्या ग्वेल्फच्या युनिव्हर्सिटीत जन्मभर माती तपासून रिटायर झाले आणि राहायला कुठे आले, तर इथे! माती चांगली आहे म्हणे. मी म्हटलं, खायची आहे का? पण माझं ऐकतंय कोण!

नऊ वर्षं झाली तरी गावाला आम्ही ‘ती नवीन माणसं’च. यांनी म्हाताऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला, चर्चच्या सेलला मी शंभर-शंभर बटाटेवडे तळले. वडे संपायचे, आम्ही नवीनच राहायचो. यांना ते फार लागायचं. एकदा तरी या गावानं आपलं म्हणावं, एवढाच ध्यास. २००९ मध्ये गावाला दीडशे वर्षं होणार होती, म्हणून दोन वर्षं आधीच यांनी ठरवलं, गावाचा कुलवृत्तांत छापायचा!

आपल्याकडे एकेका आडनावाचा जाडजूड ग्रंथ असतो ना, मूळ पुरुष, त्याच्या शाखा, कोण कुणाचा कोण, तस्साच. दोन हिवाळे हे चर्चच्या बेसमेंटमध्ये जुनी रजिस्टरं उपसत बसले. घरोघर फॉर्म वाटले. त्यात ‘कुलदैवत’ असाही रकाना होता, तो मी वेळेवर खोडला. एका फॉर्मवर राहून गेला, तर त्या माणसानं तिथे हॉकीच्या टीमचं नाव लिहून पाठवलं.

ऑगस्टमध्ये चर्चच्या हॉलमध्ये पुस्तकं वाटली. हेर्टा क्रॅमर, वय शहाऐंशी, अकराही घरं तिला टरकून असतात. ती भिंग लावून चौथ्या पानावर थांबली.

“प्रोफेसर! माझ्या पणजीचं काय केलंत तुम्ही?”

पानावर होतं: ‘मूळ पुरुष योहान क्रॅमर. पत्नी आना, सासरचं नाव मार्गारेटा.’ रजिस्टरात योहानचं लग्न आनाशी लागलेलं, आणि पाच वर्षांनी बाळाची आई म्हणून मार्गारेटा. आनाच्या मृत्यूची नोंद नाही, दुसऱ्या लग्नाची नाही. मग काय, लग्नात नाव बदललं असणार! प्रूफं मीच वाचली होती. मलाही काही खटकलं नाही.

“त्या दोन बायका होत्या!” हेर्टा कडाडली. “आना घड्याळं दुरुस्त करणाऱ्याबरोबर पळून गेली. मार्गारेटा कामाला आली होती, ती राहिली. लग्न केलंच नाही, तर नोंद मिळणार कुठून?”

पाद्री कॉफीच्या कपात बघायला लागले. सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव दीडशे वर्षं मूग गिळून बसलं होतं. यांचा चेहरा पांढराफटक पडला. झालं, मला वाटलं, आता जन्मभर नवीन!

“राहू दे ना हेर्टा,” कुणीतरी पुटपुटलं, “असंच बरं दिसतंय.”

तिनं काठी आपटली. “सोळा गाई आणि सहा पोरं तिनं सांभाळली. तिचं नाव दुसरीच्या शेपटाला नको. पण प्रोफेसर, लग्नात बाईचं पहिलं नावच बदलतं, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?”

यांनी चाचरत सांगितलं, आमच्यात पद्धत आहे, ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिहितात. हिचंही तसंच ‘नीरजा’ लिहिलं होतं.

“आधीचं काय होतं?”

“थांबा हं, सांगतो,” म्हणत हे छताकडे बघायला लागले. अख्ख्या ओंटारियोची माती तोंडपाठ, आणि हे आठवेना! असा संताप आला म्हणता!

“चित्रा,” मीच म्हटलं. बेचाळीस वर्षांत ते नाव मी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं.

हेर्टानं पेन्सिल काढली. आधी आपल्या पणजीला वेगळी ओळ दिली. मग आमच्या घराचं पान उघडलं. तिथे यांनी भिडेखातर फक्त जुन्या मालकांची नावं छापली होती. त्याखाली तिनं ठसठशीत लिहिलं: ‘चित्रा. नवरा, प्रोफेसर.’

यांनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले. “लागलं गं आपलं नाव गावाला.”

“माझं लागलं,” मी म्हटलं.