सुभद्राबाईंच्या मानाचा नारळ

त्या नारळाची मला अजून किळस येते. नारळाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण तो ज्या हातांतून फिरला ते हात काही विसरता येत नाहीत.

सुभद्राबाई आमच्या कट्टा गावाजवळच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत. ऐन उमेदीत नवरा गेला, दिराच्या घरात राहिल्या आणि ट्रेनिंग करून मास्तरीण झाल्या. मी सुगंधा, आधी त्यांची विद्यार्थिनी आणि मग त्यांच्याच शेजारच्या वर्गावर शिक्षिका. नाक गळणाऱ्या, आईच्या नावानं टाहो फोडणाऱ्या पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा!

त्रेपन्न साली मोठे गुरुजी वारले आणि हेडमास्तरांची खुर्ची रिकामी झाली. नोकरीत बाई वरच्या वर्गाच्या सत्यवान मास्तरांपेक्षा जुन्या. शाळाखात्याचे साहेब येऊन म्हणाले, "बाई, नियमानं जागा तुमची." दुसऱ्याच दिवशी गावचे चौघे शाळेच्या पडवीत येऊन बसले. पुढे कोण, तर बाईंचा सख्खा दीर शंकर.

"वैनी, मास्तराक संसार आसा, पोरांबाळां आसत," तो म्हणाला. "तुमका ती खुर्ची कित्याक व्हयी?"

कशाला हवी, म्हणे! बाई पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तरच होवंदेत."

झालं! केवढ्या मोठ्या मनाची बाई, म्हणून गावभर कौतुक. बाईमाणसाला कुठली आलीय खुर्चीची हौस, असंच सगळे धरून चालले.

सत्यवान मास्तर मग त्या खुर्चीत बसले. बसले म्हणजे काय, दुपारभर घोरले. पावसात शाळा गळायला लागली तेव्हा घरोघर फिरून कौलं मिळवली बाईंनी. पण "ही शाळा मी उभी केली" हे मास्तर बाजारात, बसथांब्यावर, न्हाव्यासमोर मान वाकवून बसले असतानासुद्धा सांगत. आणि बाईंना विचारावं तर काय? "मी काय केलंय गो? पोरांका शिकवलंय आपला." शी! मला कधीकधी त्यांचाही वीट यायचा.

सहासष्टच्या मे महिन्यात दोघंही एकदमच निवृत्त झाले. गावानं सत्कार ठरवला, शाळेपुढे माडाच्या झापांचा मांडव घातला. आदल्या दिवशी बाईंनी मला विहिरीवर गाठलं.

"सुगंधा, माका उद्या चार शब्द बोलाचे आसत. वर उभी रवान, सगळ्यांसमोर."

उभ्या जन्मात स्वतःसाठी त्यांनी मागितलेलं हे एवढंच. मी तशीच सरपंचांकडे, गंगारामभाऊंकडे गेले आणि सांगून आले. त्यांनी मान डोलावली.

सत्काराला व्यासपीठावर मास्तरांना शाल मिळाली, नारळ मिळाला, झेंडूचा हार मिळाला. मग बाईंचं नाव पुकारलं. सरपंचांची बायको काशीबाई ओटीचं ताट घेऊन उठली. तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू, सगळं कसं साग्रसंगीत. बाईमाणसाचा मान म्हणजे ओटी, एवढंच त्यांच्या टाळक्यात! बाई विधवा आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण ताट भरताना एकालाही ते आठवू नये? काशीबाई बाईंच्या कोऱ्या कपाळासमोर येऊन थबकली आणि तिनं ताट मागं ओढलं. विधवेची ओटी भरणार कशी? मांडवात कुजबुज सुरू झाली. शाल तर एकच आणलेली.

"अहो, नुसतो नारळ देया त्येंच्या हातात!" मी खालून ओरडले. ऐकतंय कोण!

गंगारामभाऊंनी तोड काढली. "शंकर, तू ये रे वर. घरातलो पुरूस तू. भावजयचो मान तू घे."

ज्यानं बाईंच्या तोंडची खुर्ची काढून घेतली तोच शंकर, विडी विझवून कानावर ठेवत वर चढला. नारळ छातीशी धरून दात काढत उभा राहिला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! बाई पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या.

"बाई, बसा तुम्ही," सरपंच सभेतल्या शुद्ध भाषेत म्हणाले. "मास्तर दोघांच्याही वतीनं बोलतील."

बाईंनी पाय खाली घेतला.

मास्तर बोलले ते बोलतच सुटले. "सुभद्राबाई मला बहिणीसारख्या. पदाची हाव त्यांना कधीच नव्हती. माझ्या जन्माचं तर आज सार्थक झालं!" मी उठले, मांडवाबाहेर गेले आणि थुंकले.

एवढ्यावर भागलं नाही. शंकरनं मास्तरांना दुपारी घरी जेवायला बोलावलं. कढीला नारळ कुठला? तोच! बाईंनी स्वतःच्या हातानं फोडला आणि आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, खवायला बसल्या. मी मदतीला गेले होते. पडवीत पानं मांडलेली, पहिल्या वाटीची कढी मी वाढून आत आले. मास्तरांनी कढीचा भुरका मारला तो आत ऐकू आला.

"नारळ बरो गोड आसा हां, शंकर!"

"मानाचो मा तो!" शंकर म्हणाला, आणि दोघं खदाखदा हसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाईनू, तुमका राग येणा नाय?"

"रागावन काय करतलंय?" नारळाची दुसरी वाटी खवत त्या म्हणाल्या.

"निदान सांगा तरी. थंय मांडवात काय बोलणार होतास?"

वाटीतलं खोबरं संपलं, तरी करवंटी आडाळ्यावर फिरतच होती.

"एकच सांगणार होतंय," त्या म्हणाल्या. "ती खुर्ची माका व्हयी होती."

"वैनी," बाहेरून शंकरची हाक आली, "मास्तरांका कढी हाडा."

बाई उठल्या आणि कढी घेऊन गेल्या.