एक ते चार

तीस वर्षं ज्याने बाटली सांभाळली, त्याला निवृत्तीनंतर कोण विचारणार? शरच्चंद्र परचुऱ्यांना कुणाचाच फोन येत नसे. बासष्टाव्या वर्षी दारू सुटली, तेव्हा व्यसनमुक्ती गटाने नव्या माणसांना द्यायच्या कार्डावर त्यांचा नंबर लिहिला. खाली ओळ होती: पहिल्या घोटाआधी फोन करा.

तेव्हापासून नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत फोन वाजला, की ते हातातला घास ठेवून उठत.

"बोहल्यावर एवढ्या लगबगीने आला नव्हतात," वासंतीबाई म्हणत.

फक्त दुपारी एक ते चार वामकुक्षीसाठी रिसीव्हर काढून ठेवलेला असे. पेठेत यात कुणाला वावगं वाटत नसे. त्यांनाही वाटलं नाही.

१९९४च्या वैशाखात मच्छिंद्र गेला. कर्वेनगरचा हा म्हातारा शेतकरी, जमिनीवर सोसायट्या उठल्यावर रिकामा झाला आणि पिऊ लागला. गटात येऊन त्रेपन्न दिवस कोरडा राहिला; रोज संध्याकाळी परचुऱ्यांशी फोनवर बोलायचा. मग एके दिवशी कालव्यात सापडला. पोटात दारू होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी उशिरा परचुरे त्याच्या घरी गेले. त्याची बायको शालूबाई भिंतीला टेकून बसली होती. भेटायला आलेली माणसं दुपारी पांगल्यावर ती बोलली.

"अण्णा, त्या दिवशी दोन वाजता ह्यांनी तुमाला फोन लावला. तीनदा. एंगेजच येत व्हता."

परचुरे सरकून तिच्यासमोर बसले.

"मी म्हणलं, दुसरा कुणी असंल. त्याला धरून ठिवलं असंल अण्णांनी. आमचा गेला, त्यो तरी वाचला. वाचला ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. वासंतीशी, साहेबाशी, मुलाशी ते जन्मभर असलं सोपंच बोलत आले होते. शिवाय या खोट्याने एका बाईला आधार मिळणार होता.

"कुणी नव्हतं," ते म्हणाले. "रिसीव्हर काढून मी झोपलो होतो."

शालूबाई भिंतीपासून सरळ झाली.

"एवढं तरी ऱ्हाऊ द्यायचं व्हतं मला."

त्यांनी हात जोडले. तिने तोंड फिरवलं.

"घरी जावा. येक वाजून गेला. आज कोण फोन लावत असंल, काय ठाव!"

वासंतीने सवयीने रिसीव्हर काढला असणार. परचुरे घाईघाईने उठले. भर उन्हात येणाऱ्या पहिल्या रिक्षाला हात करत ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.